पन्नाशीनंतर आठवड्यातून पाच दिवस वजन उचलायचं तर: आखणी, हिशेब आणि अडचणी

सह्यकडा

वर्षानुवर्षं वजन उचलणारी मंडळी पन्नाशी-साठीत आली की बहुधा एकाच ठिकाणी अडतात. सोमवारी स्क्वॉटचे (खांद्यावर रॉड घेऊन बसणं-उठणं) ५ सेट, प्रत्येकी ५ रेप्स, म्हणजे न थांबता ५ वेळा, अशा ५ फेऱ्या. मंगळवारी-बुधवारी जिना उतरताना कठड्याला हात. गुरुवारी पाय जेमतेम सुटतात तोच पुन्हा ५ सेट. मग कधी गुडघा, कधी कंबर, आणि महिनाभर खाडा. वजन पेलत नाही असं नसतं. एका दिवसात जास्त काम केलं की ते भरून निघायला आता पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

म्हणून 'रोज थोडं' हा मार्ग सुचवला जातो, आणि तिथेच पहिली चूक होते. दोन दिवसांच्या कामाला लोक पाचने गुणतात. गुणायचं नाही, वाटायचं. आठवड्याचे रेप्स तेवढेच ठेवून ते पाच दिवसांत पसरायचे.

स्क्वॉटचं उदाहरण घेऊ. मॅक्स, म्हणजे एकदाच जेमतेम उचलता येईल ते वजन, प्रत्यक्ष उचलून बघू नका. समजा ८२.५ किलो ५ वेळा नीट झालं आणि आणखी एक नक्की झाला असता, तर ६ रेप्स धरा. सूत्र असं: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). म्हणजे ८२.५ × १.२ = ९९. हिशेबाला १०० घेऊ.

जुना आठवडा: ७५ किलो, ५ × ५, दोन दिवस. ५० रेप्स, एकूण ३७५० किलो.

नवा आठवडा:
सोमवार ७० किलो, २ सेट × ५ रेप्स
मंगळवार ६० किलो, २ × ५
बुधवार सुट्टी
गुरुवार ८० किलो, ४ × २
शुक्रवार ६० किलो, २ × ५
शनिवार ७० किलो, ३ × ४
रविवार सुट्टी

रेप्स ५०च राहिले, वजनाची बेरीज ३३८० झाली, म्हणजे साधारण दहा टक्के कमी. पहिले चार आठवडे ती कमीच राहू द्या. या आकड्यांवर प्रत्येक सेट संपताना निदान चार-पाच रेप्स शिल्लक असायला हव्यात. तीनपेक्षा कमी उरतायत असं वाटलं तर तुमचा १०० चा अंदाज चुकलाय. तो ९० धरून सगळं पुन्हा मांडा.

बेंच (बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून ढकलणं), ओव्हरहेड प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं) आणि रो (रॉड पोटाकडे ओढणं) याच पद्धतीने बसवता येतात. रोज एक पायांचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा प्रकार घ्यायचा आणि ३५-४० मिनिटांत बाहेर पडायचं. डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) मात्र यात बसत नाही, त्यावर वेगळं लिहितो. आणि ही आखणी किमान वर्षभर रॉडखाली नियमित व्यायाम केलेल्यांसाठी आहे. नवीन माणसाने आधी तीन दिवसांवर हात बसवावा.

कृष्णाकाठ

मांडणी आवडली, पण हिशेबात एक मोठी गळती आहे. वॉर्मअपचे सेट धरलेलेच नाहीत.

जिममध्ये ७०-८० किलोपर्यंत लोक साधारण असे चढतात: रिकामा रॉड २० किलो × ८, ४० × ५, ५५ × ३. हे झाले ५२५ किलो. जुन्या पद्धतीत दोनदा, म्हणजे १०५०. तुमच्या पद्धतीत सोम-गुरु-शनि मिळून १५७५, आणि दोन हलक्या दिवशी २० × ८, ४० × ५ धरलं तरी ३६० दुणे ७२०. एकूण २२९५.

आता सगळं मिळवा. जुना आठवडा ३७५० + १०५० = ४८००. नवा आठवडा ३३८० + २२९५ = ५६७५. दहा टक्के कमी केलं असं वाटत असताना प्रत्यक्षात अठरा टक्के वाढलं. रिकाम्या रॉडचा रेप आणि ७५ किलोचा रेप एका तराजूत घालणं पूर्ण बरोबर नाही हे मान्य, पण गुडघा दर वेळी तेवढाच वाकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुडघे कुरकुरायला लागतात आणि दोष 'रोज करण्याला' दिला जातो, त्याचं एक कारण हे आहे.

उपाय सोपा आहे. अंग तापवायचं काम रॉडवर करायचंच नाही. ५-६ मिनिटं सायकल किंवा भरभर चालणं, मग खुर्चीवर बसून-उठून १०, कंबर आणि घोटे मोकळे करणं. रॉडवर फक्त २० × ५, ४० × ३, ५५ × २. हे ३३० किलो. हलक्या दिवशी २० × ५, ४० × २, म्हणजे १८०. आठवड्याला ९९० + ३६० = १३५०. ३३८० मध्ये मिळवलं की ४७३०. आता खरोखर जुन्यापेक्षा थोडं कमी झालं.

सह्यकडा

कृष्णाकाठ, अगदी बरोबर. वरची आखणी तुमच्या वॉर्मअपसकटच वाचावी.

लोखंडवेडी

'रोज हलकं' हे ऐकून बऱ्याच जणी गुरुवारचा ८० किलोचा दिवसच गाळून टाकतील, म्हणून लिहिते. तो गाळू नका.

वय वाढतं तसे स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी आणि जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला तेच उपयोगी पडतात, आणि ते जागे होतात जड वजनाने किंवा हलकं वजन मुद्दाम जोरात ढकलल्याने. म्हणून ६० किलोच्या दिवशीही खाली जाताना दोन-तीन सेकंद घ्या, वर येताना मात्र जमेल तितक्या वेगाने या.

दुसरी गोष्ट हाडांची. मासिक पाळी थांबल्यानंतर हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या बायकांवर ऑस्ट्रेलियात ८ महिन्यांचा एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस ५ × ५, मॅक्सच्या ८५ टक्क्यांच्या वर, जोडीला उंचावरून खाली उतरून पाय जोरात टेकवण्याचा व्यायाम. कमरेच्या मणक्याची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलके व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि हळूहळू चढवत झालं, ही अट विसरायची नाही. पण हलक्या वजनाचे शंभर रेप्स हाडाला पुरत नाहीत एवढं त्यातून कळतं.

हाडांची घनता फार कमी असल्याचं निदान असेल तर पाठीतून वाकून उचलायचे आणि पोटाच्या क्रंचेससारखे प्रकार वगळा. कणा वाकलेला असताना भार आला की मणके पुढच्या बाजूने दबतात.

शड्डू

तालमीत जोर-बैठका रोजच असतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. फरक एवढाच की तिथे भार अंगाचाच असतो, आणि तो वाढतो आकड्याने.

इथे एक इशारा. तालमीतल्या बैठकीत टाच उचलली जाते, गुडघा बोटांच्या पुढे जातो, आणि सगळा ताण वाटीखालच्या पट्ट्यावर येतो. पाच दिवस स्क्वॉट करून वर सवयीने ५०-१०० बैठका मारल्या तर तो पट्टा आधी तक्रार करतो. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यांना महिने लागतात. बैठका ठेवायच्या तर हलक्या दोन दिवशी रॉडऐवजी ठेवा, २०-२५ चे दोन सेट, टाच टेकवून.

जोर मात्र चांगले बसतात. बेंचच्या पाच दिवसांतले दोन दिवस जोर काढले तर खांद्याच्या फऱ्याला मोकळं फिरता येतं. बेंचवर तो फळीखाली दाबलेला असतो. मनगट दुखत असेल तर जमिनीवर तळवा टेकण्याऐवजी जोर काढायच्या लाकडी ठोकळ्यांना धरा.

सांधेवाली

फिजिओथेरपीच्या बाजूने काही नेमक्या गोष्टी.

दुखण्याचं मोजमाप ठरवून घ्या. शून्य ते दहा. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिल्या दहा पावलांत दुखणं नेहमीइतकंच असलं पाहिजे. जास्त असेल तर कालचा डोस जास्त झाला. पाच दिवसांच्या पद्धतीत हा सकाळचा निकाल फार कामाचा आहे, कारण चूक चोवीस तासांत कळते. सांधा सुजला, अडकला किंवा अचानक सटकल्यासारखा वाटला तर आकडे बघत बसू नका, दाखवून घ्या.

वाटीखाली दुखत असेल तर पूर्ण विश्रांतीने तो पट्टा आणखी कमकुवत होतो. त्या आठवड्यात मंगळवार-शुक्रवारचा स्क्वॉट काढा आणि भिंतीला पाठ टेकून बसा. गुडघा ६० अंशांच्या आसपास, ४५ सेकंद, ५ वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून. जड दिवशी बाक मागे ठेवून त्यावर टेकेपर्यंतच खाली जा.

कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं बऱ्याचदा बेंचमुळे नसतं, स्क्वॉटमुळे असतं. खांदे आखडले की रॉड पाठीवर खाली धरताना मनगट मागे मोडतं आणि रॉडचं वजन कोपर पेलतं. आठवड्यातून दोनदा हे खपतं, पाचदा नाही. रॉड मानेच्या मुळाशी, गादीसारख्या स्नायूवर वर ठेवा, पकड दोन-दोन बोटं रुंद करा, अंगठा रॉडच्या वरून घ्या. तरीही दुखलं तर दोन दिवस छातीशी डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट.

आता रक्तदाब, कारण या वयात तो अनेकांना असतो. श्वास कोंडून जड वजन ढकललं की दाब क्षणभर भयंकर चढतो. १९८५ साली धमनीत नळी घालून मोजलं तेव्हा तरुण शरीरसौष्ठवपटूंमध्ये दोन्ही पायांच्या लेग प्रेसला (यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलणं) सरासरी ३२०/२५० आला होता. तो सेट पार दमेपर्यंत केलेला होता. दमेपर्यंत न जाण्याचा फायदा म्हणूनच नुसता सांध्यांना नाही. ७० किलोपर्यंत वर येताना तोंडाने श्वास सोडत या. ८० ला तळाशी सेकंदभर पोट घट्ट करावंच लागतं, पण अर्ध्या वाटेवर श्वास सोडा आणि प्रत्येक रेपला नवा घ्या. बसून मोजलेला दाब १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी रॉडला हात लावायचा नाही, आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल तर जड दिवसासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची स्पष्ट परवानगी हवी.

गोळ्यांचंही बघा. बीटा ब्लॉकर (रक्तदाबासाठी दिली जाणारी, नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा घड्याळातल्या ठोक्यांवरून श्रम मोजू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी बेंचवरून एकदम उभं राहू नये. पंधरा-वीस सेकंद बसून मग उठा, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येते.

लोखंडवेडी

सांधेवाली, धन्यवाद. कोपराचं कारण स्क्वॉटमध्ये असतं हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

सह्यकडा

डेडलिफ्टचं राहिलं होतं. स्क्वॉटला कंबर आधार देते, डेडलिफ्टमध्ये तीच मुख्य काम करते, आणि रो उभ्याने केला तर त्यातही तीच. तिन्ही पाच पाच दिवस ठेवले तर दुसऱ्या आठवड्यात कंबर ताठते.

जमिनीवरून जड डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, शनिवारी स्क्वॉटनंतर. मॅक्सच्या ७५-८० टक्क्यांवर ५ सेट × २, म्हणजे १० रेप्स. दर रेपला रॉड जमिनीवर पूर्ण टेकवा, हात सोडा, श्वास घेऊन पुन्हा धरा. मंगळवारी ४०-५० टक्क्यांवर रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जेमतेम वाकवून कमरेतून झुकणं) २ × ६, रॉड गुडघ्याच्या थोडा खाली जाईपर्यंतच. बस. आणि रो करताना छाती तिरक्या बाकावर टेकवा, म्हणजे कंबर मोकळी राहते. प्लेट छोट्या असतील तर रॉड जमिनीवर फार खाली जातो. दोन्ही बाजूंना रबरी मॅट किंवा लाकडी फळ्या रचून तो साधारण अर्ध्या नडगीपर्यंत आणा.

कृष्णाकाठ

वजन वाढवायचं कसं, यावर.

गल्लीतल्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट बहुधा २.५ किलोची. दोन्ही बाजूंना लावली की ५ किलोची उडी. ८० वरून ८५ म्हणजे सहा टक्के. ओव्हरहेड प्रेसला ३० वरून ३५ म्हणजे सतरा टक्के, जी या वयात एका आठवड्यात होणारच नाही. मग माणूस महिनोन्महिने ३० वर थांबतो किंवा ३५ शी झुंजून खांदा दुखवून घेतो.

खेळाच्या दुकानात पायाला बांधायचे वजनाचे पट्टे मिळतात, अर्धा किलो आणि एक किलोचे, जोडीने. ते प्लेटच्या बाहेर रॉडच्या टोकाला गुंडाळायचे, वेल्क्रो ओढून घट्ट करायचं आणि वरून क्लिप लावायची. क्लिप नसेल तर पट्टा हळूहळू सरकतो आणि रॉड एका बाजूला झुकतो, तेव्हा ती विसरू नका. अर्ध्या किलोच्या जोडीने १ किलो वाढतो. पुरतो.

रॉडचं वजनही एकदा करून घ्या. सात फुटी ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण जिममधले साधे बारीक रॉड त्याहून बरेच हलके असतात, आणि दोन सारखे दिसणारे रॉडही वेगळे भरतात. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा रॉडच्या मध्यावर अडकवून उचला, आकडा वहीत लिहा. ज्याच्यावर खूण केली असेल तोच रॉड रोज घ्या.

वाढ फक्त गुरुवारी. सलग दोन आठवडे पाचही दिवस ठरल्याप्रमाणे झाले, शेवटचा रेप पहिल्याइतकाच वेगात वर आला आणि सकाळचा निकाल ठीक असेल तर १ किलो. बाकी दिवस त्याच प्रमाणात, जवळच्या पूर्ण किलोला धरून. वेग डोळ्यांनी नीट कळत नाही. फोन बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवून एक सेट टिपा.

दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे, वजन तेच. साठीच्या पुढे दर तिसऱ्या. त्या आठवड्यात वजन उतरवू नका, कारण हात जड वजनाला सरावलेला राहिला पाहिजे. कमी करायची ती एकूण मेहनत.

आलेपाक

खाण्यावर थोडंच. ७० किलोच्या माणसाला या व्यायामासोबत दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि ती तीन-चार वेळांत वाटलेली हवीत. वय वाढल्यावर एका जेवणात १० ग्रॅम गेली तर स्नायूला फारसा इशाराच मिळत नाही. २५-३० लागतात.

आपली खरी अडचण सकाळची आहे. पोहे-उपम्याच्या बशीत ५ ग्रॅमच्या आसपास. त्यासोबत दोन अंडी १२ आणि मोठा पेला दूध ८, म्हणजे २५ झाले. शाकाहारी असाल तर १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास आणि वाटीभर दही. रात्री भाजीत ५० ग्रॅम सुके सोयाबीनचे वडे टाकले तर २५ ग्रॅमच्या वर. नुसत्या वरणावर भिस्त ठेवू नका, वाटीभर वरणात ६-७ च असतात. क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतली जाणारी पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम, वेळ कुठलीही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. क्रिएटिन चालू असताना रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बघायचा आकडा) थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

शड्डू

एक सरळ प्रश्न. पाच दिवसांनी ताकद दोन-तीन दिवसांपेक्षा खरंच जास्त वाढते का?

सह्यकडा

आठवड्याचं काम सारखं ठेवलं तर स्नायूच्या आकारात फारसा फरक पडत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. जास्त दिवसांमुळे हात बसतो, तेवढा ताकदीत थोडा फायदा. मी ही पद्धत सुचवतो ती जास्त वाढीसाठी नाही. एका दिवसाचा मार कमी होतो, अंग आखडत नाही, आणि एक दिवस चुकला तर आठवड्याचा पाचवा भागच जातो, अर्धा नाही. ज्याला दोन दिवस सोसतात आणि प्रगती चालू आहे, त्याने बदलायची काहीच गरज नाही.

मात्र आठवड्याचं एकूण काम फार कमीही करू नका. २०११ च्या एका अभ्यासात १६ आठवडे व्यायाम करून घेतल्यावर काम एक तृतीयांश आणि एक नवमांशावर आणलं. तरुणांचा स्नायू टिकला. ६० ते ७५ वयाच्या लोकांची ताकद बरीचशी टिकली, पण स्नायूचा वाढलेला आकार उतरला. तरुणपणी जे 'टिकवायला पुरेसं' होतं ते आता पुरत नाही.

लोखंडवेडी

आजारपणानंतर परत येताना काय करायचं तेही इथे असू द्या. पावसाळ्यात हा प्रश्न घरोघरी येतो.

सांधेवाली

चार दिवस चुकले तर आहे तिथून पुढे, चुकलेलं भरून काढायला जाऊ नका. आठवडा गेला तर पहिला आठवडा सगळी वजनं ९० टक्के. दोन-तीन आठवडे गेले तर ८० टक्के आणि सेट निम्मे, मग दोन आठवड्यांत पूर्ववत. पहिल्या दोन दिवशी दमच लागत नाही, म्हणून लोक लगेच जुन्या आकड्यावर जातात आणि तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात. खंडानंतर वजन खाली नेण्याचा भागच जास्त दुखवतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात हळू उतरणं सोडून द्या.

ताप येऊन गेला असेल तर औषधाशिवाय ताप नसलेले तीन-चार दिवस जाऊ द्या, आणि दोन मजले जिना नेहमीच्या वेगात चढून धाप लागत नाही ना बघा. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या असतील तर त्या वर आल्याचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची परवानगी, मगच. चिकुनगुन्या वेगळाच. त्यात सांधे आठवडे किंवा महिने धरलेले राहतात, आणि सकाळी बोटं मिटत नाहीत. पूर्ण मूठ वळत नसेल तर रॉड धरू नका, पकड सुटायची भीती असते. तोवर लेग प्रेस, खुर्चीवरून उठणं, मनगटाला पट्टा बांधून केबल ओढणं, आणि तेही दुपारनंतर, बोटं मोकळी झाल्यावर.